व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू केल्यावर डिस्कवरचे बदल नाहीसे होणे: केव्हीएम आणि क्यूकाउ२ वापरणाऱ्यांसाठी समस्या निवारण

केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या अंगभूत व्हर्च्युअलायझेशन सोयीवर, चालणारे एखादे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) देखभालीसाठी बंद केले जाते, पुन्हा सुरू केल्यावर ते विनातक्रार उभे राहते, परंतु आत पाहिले तर गेल्या काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे सर्व काम नाहीसे झालेले असते. क्यूएमू (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) आणि लिबव्हर्ट (त्याचे व्यवस्थापन करणारे साधन) वापरणाऱ्यांना ही अडचण वारंवार येते. तिचे वैशिष्ट्य असे की, कोठेही त्रुटीचा संदेश दिसत नाही. फाइल सिस्टिम निर्दोष असते, डेटाबेस सुरू होतो, वेबसाइट उघडते, फक्त सर्व नोंदी एका जुन्या तारखेला येऊन थांबलेल्या असतात. अशा बहुसंख्य प्रसंगी माहिती नष्ट झालेली नसते. ती होस्टवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, दुसऱ्या फाइलमध्ये शाबूत असते आणि मशीन मात्र तिच्या खालचा जुना थर, म्हणजे डिस्कची आधीची फाइल, वाचत असते. ती परत मिळेल की नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात काय केले जाते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, म्हणून कारणमीमांसेच्या आधी तातडीची कृती सांगणे आवश्यक आहे.

मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, आणि ते घाईने बंदही करू नये. लिबव्हर्टच्या व्हर्श या आज्ञासाधनातील सस्पेंड ही आज्ञा देऊन ते जागच्या जागी गोठवावे. त्यामुळे आतील प्रणालीचे लेखन तत्काळ थांबते आणि क्यूएमूची प्रक्रिया मात्र जिवंत राहते. या दोन्ही गोष्टींचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. त्यानंतर डिस्कच्या फोल्डरातील एकही फाइल हलवू, पुसू किंवा दुरुस्त करू नये. होस्टवर जागा कमी पडत असेल तर ती अन्य ठिकाणाहून मोकळी करावी.

लक्षणांवरून प्राथमिक निदान

माहिती कशा स्वरूपात हरवली आहे, यावरून शोधाची दिशा ठरते. सर्व फाइली, सर्व लॉग आणि सर्व डेटाबेस एकाच क्षणाला येऊन थांबले असतील आणि त्या क्षणापर्यंतचे सर्व काही सुसंगत असेल, तर थरांचा घोळ झालेला आहे. जर्नलसीटीएल हे लॉग वाचणारे साधन वापरून आतील प्रणालीच्या बूटची यादी काढली तर मधल्या काळातील बूट यादीतून पूर्णपणे गायब असतात आणि शेवटच्या नोंदीची वेळ हीच नवा थर तयार झाल्याची वेळ असते. ती वेळ मिनिटासह लिहून ठेवावी, कारण बहुधा ती रात्रीच्या बॅकअपच्या वेळेशी तंतोतंत जुळते.

याउलट काही फाइली शून्य लांबीच्या झाल्या असतील, किंवा फाइलची लांबी योग्य असूनही आत केवळ शून्ये असतील, आणि बाकीच्या फाइली अगदी अलीकडच्या असतील, तर लेखन डिस्कपर्यंत पोहोचलेच नाही किंवा वाटेत हरवले असे समजावे. डिस्कच्या व्याख्येत कॅशेचा प्रकार अनसेफ असा ठेवलेला असेल तर क्यूएमू आतील प्रणालीच्या फ्लश विनंतीला (लेखन कायमस्वरूपी डिस्कवर उतरवण्याच्या विनंतीला) होकार देते, पण ती होस्टच्या डिस्कपर्यंत नेत नाही, आणि होस्टची वीज गेली तर ते लेखन जाते. याच प्रकारात खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअर दोषांचाही समावेश होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या क्यूएमू ४.१.० मध्ये रिकाम्या क्लस्टरमध्ये (डिस्क फाइलच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) शून्ये भरण्याची एक जलद पद्धत आणण्यात आली होती. होस्टवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल आणि फाइलच्या शेवटापलीकडे एकाच वेळी अनेक लेखने चालू असतील, तर एक्सएफएसमधील एका दोषामुळे क्यूकाउ२ (क्यूएमूच्या डिस्क फाइलचे स्वरूप) डिस्कमधील माहिती बिघडू शकत होती. क्यूएमूच्या बाजूने अशी लेखने एकामागोमाग एक करण्याची तजवीज करून त्यावर उपाय काढला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्स कर्नेल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवरील माहिती बिघडवणारा दोष आढळल्यामुळे डेबियन १२.३ चे वितरण लांबणीवर टाकावे लागले होते. म्हणून या प्रकारच्या तक्रारीत होस्ट आणि गेस्ट (मशीनच्या आतील प्रणाली) या दोन्हींच्या कर्नेलची आणि क्यूएमूची नेमकी आवृत्ती पाहणे ही पहिली पायरी ठरते.

तिसरे लक्षण म्हणजे मूळ मशीन ठीक आहे, पण बॅकअपमधून परत आणलेली प्रत सदोष निघते. व्हीएमवेअरच्या बाबतीत २०१४ मध्ये उघड झालेला दोष याचे स्पष्ट उदाहरण आहे. बदललेल्या ब्लॉकचा माग ठेवणारी सोय चालू असताना डिस्कचा आकार वाढवून तो १२८, २५६ किंवा ५१२ जीबी अशा सीमांपलीकडे नेला, तर बदललेल्या भागांची यादी चुकीची मिळत असे आणि त्यावर विसंबलेले सर्व वाढीव बॅकअप अपूर्ण राहत. ही सोय बंद करून पुन्हा चालू करणे आणि नव्याने पूर्ण बॅकअप घेणे, असा त्यावरचा उपाय होता.

हे दोन्ही प्रकार गंभीर आहेत, तरी केव्हीएमवर रोजच्या व्यवहारात सर्वाधिक भेटतो तो पहिला प्रकार, आणि उरलेला लेख त्याच्याविषयीच आहे.

नेमके काय घडते

चालू मशीनचा बॅकअप घेण्याची एक प्रचलित पद्धत अशी आहे की, आधी केवळ डिस्कचा बाह्य स्नॅपशॉट घेतला जातो. त्या क्षणापासून मूळ फाइल गोठते आणि पुढचे सर्व लेखन एका नव्या क्यूकाउ२ फाइलमध्ये, म्हणजे ओव्हरलेमध्ये, जाऊ लागते. मूळ फाइलची प्रत काढून झाली की ब्लॉककमिट ही आज्ञा ओव्हरलेमधील बदल मूळ फाइलमध्ये मिसळते आणि पिव्हट या पर्यायामुळे मशीन पुन्हा मूळ फाइलवर येते. ही पद्धत उत्तम आहे, मात्र तिचा शेवटचा टप्पा यशस्वी झाला की नाही हे तपासले गेले पाहिजे. वर्षानुवर्षे चालत आलेल्या अनेक बॅकअप स्क्रिप्टमध्ये दोष असतो तो नेमका येथे. ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणांनी मूळ फाइलवर लिहिण्याची परवानगी नाकारली, किंवा आधीचे ब्लॉक जॉब (डिस्कवर पार्श्वभूमीत चालणारे काम) संपलेले नव्हते, म्हणून ब्लॉककमिट अपयशी ठरते. स्क्रिप्ट त्याच्या परतीच्या कोडकडे (आज्ञा यशस्वी झाली की नाही हे सांगणाऱ्या अंकाकडे) पाहत नाही आणि बॅकअप यशस्वी झाल्याचा ईमेल पाठवून देते. मशीन ओव्हरलेवर चालत राहते, आतील वापरकर्त्याला काहीही जाणवत नाही, आणि दुसऱ्या रात्री त्या ओव्हरलेवर आणखी एक ओव्हरले चढते.

यानंतर माहिती हरवण्याचे दोन मार्ग उघडतात. पहिला मार्ग व्याख्येचा आहे. कोणी तरी जुन्या एक्सएमएल फाइलवरून मशीनची व्याख्या पुन्हा नोंदवतो, किंवा संरचना सांभाळणारे एखादे स्वयंचलित साधन मूळ फाइलचा पत्ता पुन्हा लिहून टाकते. चालू मशीनवर त्याचा परिणाम होत नाही, पण ते बंद होऊन पुन्हा सुरू झाले की थेट मूळ फाइलवर उभे राहते. दुसरा मार्ग पुसण्याचा आहे. ओव्हरलेला स्वतंत्र नाव दिले नाही तर लिबव्हर्ट मूळ नावाचा शेवटचा भाग काढून तेथे स्नॅपशॉटचे नाव लावते, त्यामुळे त्या फाइलच्या नावात क्यूकाउ२ हे शब्द उरत नाहीत. डिस्क भरत आली असताना अशी अनोळखी नावाची मोठी फाइल कचरा समजून पुसली जाते. काही स्क्रिप्ट तर ब्लॉककमिट झालेच असे गृहीत धरून ओव्हरले स्वतःच पुसतात. लिनक्समध्ये उघडी असलेली फाइल पुसली तरी ती उघडणाऱ्या प्रक्रियेच्या ताब्यात शाबूत राहते, म्हणून मशीन पुढे चालतच राहते. ते बंद झाल्याक्षणी मात्र ती फाइल खरोखर जाते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण इतर प्रणालींतून आलेल्या प्रशासकांचा तिच्याबाबत गैरसमज होतो. व्हीएमवेअरच्या डिस्कवर्णनात स्वतःचा आणि पालक डिस्कचा असे दोन ओळख क्रमांक असतात. पालक डिस्क मधल्या काळात बदलली असेल तर मशीन सुरू होण्यास नकार देते. हा नकार त्रासदायक वाटतो, पण तो माहितीचे रक्षण करतो. क्यूकाउ२ मध्ये असे रक्षण नाही. ओव्हरलेच्या शीर्षभागात खालच्या फाइलचा पत्ता आणि तिचे स्वरूप एवढेच लिहिलेले असते. खालची फाइल बदलली आहे काय, हे क्यूएमू तपासत नाही.

तपासणी

मशीन सस्पेंड अवस्थेत असतानाच ही तपासणी करावी. व्हर्शची डॉमबीएलकेलिस्ट ही आज्ञा सध्या वापरात असलेल्या डिस्कचे पत्ते दाखवते, तर तिलाच इनॲक्टिव्ह हा पर्याय जोडला की पुढच्या वेळी मशीन कोणत्या फाइलवर सुरू होईल ते कळते. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर अपघात अजून घडायचा आहे आणि तो टाळता येईल. दोन्ही उत्तरांत मूळ फाइल दिसत असेल आणि फोल्डरात मात्र तिच्यापेक्षा नंतरची एखादी अनोळखी फाइल पडलेली असेल, तर अपघात घडून गेलेला आहे.

लिबव्हर्ट प्रत्येक मशीनसाठी क्यूएमूचा स्वतंत्र लॉग ठेवते आणि प्रत्येक वेळी मशीन सुरू करताना दिलेली संपूर्ण आज्ञा, डिस्कच्या पत्त्यांसह आणि वेळेसह, त्यात उतरवते. माझ्या मते या संपूर्ण तपासणीत हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे. मशीन कोणत्या तारखेला कोणत्या फाइलवर सुरू झाले, हे त्यातून निर्विवाद कळते, शिवाय चुकीच्या थरावर ते किती वेळ चालले याचा हिशेबही मिळतो.

त्यानंतर क्यूएमू-आयएमजी या डिस्क फाइली हाताळणाऱ्या साधनाच्या इन्फो या आज्ञेला बॅकिंग-चेन हा पर्याय देऊन प्रत्येक संशयित फाइलची साखळी पाहावी. क्यूएमू २.१० पासून वापरात असलेल्या डिस्कवर कुलूप लागते, त्यामुळे प्रक्रिया जिवंत असताना ही आज्ञा नकार देईल. फोर्स-शेअर या पर्यायाने केवळ वाचनापुरता तो अडथळा दूर होतो. शेवटी एलएसओएफ या साधनाने क्यूएमूच्या प्रक्रियेने उघडलेल्या फाइलींची यादी काढावी. एखाद्या डिस्क फाइलपुढे ती पुसलेली असल्याची खूण दिसली, तर ते मशीन कोणत्याही परिस्थितीत बंद होता कामा नये. क्यूएमू स्नॅपशॉट या पर्यायासह सुरू केले असेल तरीही हीच खूण दिसते, कारण तेव्हा सर्व लेखन एका तात्पुरत्या, नाव काढून टाकलेल्या फाइलमध्ये जात असते. त्या स्थितीत क्यूएमूच्या मॉनिटरमधून कमिट ऑल ही आज्ञा दिल्यास ते बदल मूळ डिस्कमध्ये उतरतात.

पुसलेली, पण अजून उघडी असलेली फाइल परत मिळवणे

मशीन थोडा वेळ पुन्हा चालू करून आतील महत्त्वाच्या डेटाबेसचा डम्प (संपूर्ण मजकुराची निर्यात) नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर काढून घ्यावा. पुढील पायऱ्या फसल्या तरी तो हाताशी राहील. नंतर आत सिंक ही आज्ञा देऊन मशीन पुन्हा सस्पेंड करावे. मशीन थांबवताना क्यूएमू स्वतःजवळची प्रलंबित माहिती फाइलमध्ये उतरवते, म्हणून प्रत या अवस्थेतच काढणे योग्य ठरते. चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइल सिस्टिममध्ये त्या प्रक्रियेच्या एफडी फोल्डरातील संबंधित क्रमांकाची नोंद साध्या सीपी आज्ञेने दुसऱ्या डिस्कवर उतरवली की ओव्हरले हाती येतो. क्यूएमू-आयएमजीच्या चेक आज्ञेने त्या प्रतीची तपासणी करून ती मूळ फाइलशी जुळते याची खात्री पटल्यावरच मशीन बंद करावे.

मशीन जुन्या थरावर सुरू होऊन गेले असेल तर

येथे मशीन सक्तीने बंद करावे. व्हर्शमधील त्या आज्ञेचे नाव डिस्ट्रॉय असले तरी ती केवळ वीज तोडल्यासारखा परिणाम करते, कोणतीही फाइल पुसत नाही. नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यास आतील प्रणाली मूळ फाइलवर आणखी लेखन करेल, आणि तेच टाळायचे आहे. मग मूळ फाइल आणि सर्व ओव्हरले यांच्या प्रती काढाव्यात आणि यापुढचे सर्व प्रयोग केवळ प्रतींवर करावेत. होस्टवर ओपनझेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर त्याची आवृत्ती निदान २.२.२ किंवा २.१.१४ असावी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांत नुकत्याच लिहिलेल्या फाइलची प्रत काढताना काही भागांत शून्ये येऊ शकणारा दोष होता.

आता खरी अडचण अशी आहे की, ओव्हरले ज्या मूळ फाइलवर आधारलेला होता ती फाइल चुकीच्या बूटमुळे बदललेली आहे. दोन्ही सरळ जोडले तर जुन्या-नव्या ब्लॉकांची भेसळ होईल. परंतु याच ठिकाणी ती सदोष बॅकअप स्क्रिप्ट उपयोगी पडते. ब्लॉककमिट फसल्यापासून चुकीच्या बूटपर्यंतच्या संपूर्ण काळात मूळ फाइलवर एकही अक्षर लिहिले गेलेले नव्हते, आणि या काळात स्क्रिप्ट दर रात्री तिचीच प्रत काढत असेल तर त्यांतील कोणतीही प्रत ओव्हरलेला हवी असलेली, बाइट न् बाइट जुळणारी पालक फाइल आहे. हे गृहीत धरण्याची गरज नाही. दोन वेगवेगळ्या रात्रींच्या प्रतींचे शा२५६ मूल्य (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा ओळख क्रमांक) काढावे. ते सारखे आले तर फाइल त्या काळात गोठलेली होती हे सिद्ध होते. चालू मशीनची डिस्क दोन रात्रींत सारखी राहणे एरवी अशक्यच असते. होस्टवर एलव्हीएम, बीटीआरएफएस किंवा झेडएफएसचे त्या काळातील स्नॅपशॉट असतील तर तेही तितकेच उपयोगी आहेत.

अशी प्रत मिळाली की क्यूएमू-आयएमजीच्या रीबेस आज्ञेला असुरक्षित पद्धतीचा यू हा पर्याय, नव्या पालक फाइलचा पत्ता आणि तिचे स्वरूप देऊन ओव्हरलेची प्रत तिच्याशी जोडावी. ही पद्धत केवळ शीर्षभागातील पत्ता बदलते आणि मजकुराला हात लावत नाही. नेमके तेच अपेक्षित असल्यामुळे तिच्या नावाला घाबरण्याचे कारण नाही. एकापेक्षा अधिक ओव्हरले असतील तर खालून वर या क्रमाने प्रत्येकाची जोडणी करावी. त्यानंतर या साखळीच्या डोक्यावर एक नवा रिकामा ओव्हरले ठेवून मशीन नेटवर्कशिवाय सुरू करावे. काही बिघडले तर तो रिकामा ओव्हरले फेकून पुन्हा सुरुवात करता येते. सर्व ठीक असल्याची खात्री झाली की कन्व्हर्ट आज्ञेने संपूर्ण साखळीची एकच सलग फाइल करून तीच पुढे वापरावी.

गोठलेली प्रत कोठेच नसेल, तर परिणाम अपूर्ण राहील हे मान्य करून पुढे जावे लागते, तरी आशा सोडू नये. क्यूकाउ२ चा क्लस्टर मूलतः ६४ केबीचा असतो आणि त्याच्या लहानशा भागावर लेखन झाले तरी नेहमीच्या रचनेत संपूर्ण क्लस्टर ओव्हरलेमध्ये उतरवला जातो. त्यामुळे गोठवल्यानंतर नव्याने तयार झालेल्या फाइलींचा मजकूर आणि त्यांच्या आयनोड नोंदी (फाइल डिस्कवर कोठे आहे याच्या नोंदी) बहुधा ओव्हरलेमध्ये पूर्ण असतात. धोका असतो तो चुकीच्या बूटने लिहिलेल्या आणि ओव्हरलेमध्ये नसलेल्या क्लस्टरचा. मशीन जुन्या थरावर दहा मिनिटे चालले असेल तर हे नुकसान प्रामुख्याने लॉगपुरते मर्यादित असू शकते. आठवडाभर चालून त्यावर नवे व्यवहार नोंदले गेले असतील तर ते व्यापक असेल, आणि त्या आठवड्याचे व्यवहार मूळ फाइलमधून स्वतंत्रपणे काढून घ्यावे लागतील. अशा साखळीवरून मशीन बूट करू नये. लिबगेस्टएफएसच्या, म्हणजे मशीन सुरू न करता डिस्क उघडणाऱ्या, साधनांनी ती केवळ वाचनासाठी उघडून फाइली बाहेर काढाव्यात. ई२एफएससीके हे ईएक्सटी४ तपासणारे साधन चालवायचेच असेल तर आधी एन या पर्यायाने, म्हणजे काहीही न बदलता, चालवून त्रुटींचे प्रमाण पाहावे. डेटाबेसच्या फाइलींवर विशेष अविश्वास ठेवावा. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेने लॉगचा क्रमांक भविष्यातील असल्याची तक्रार केली तर पाने आणि लॉग वेगवेगळ्या काळातील आहेत असे समजून डम्प काढावा आणि तो नव्या डेटाबेसमध्ये भरून प्रत्येक तक्त्याची पडताळणी करावी.

चेक आज्ञेला दुरुस्तीचा ऑल हा पर्याय देण्याचा मोह या टप्प्यावर अनेकांना होतो. तो टाळावा. लीक्स हा पर्याय केवळ अनाथ क्लस्टर मोकळे करतो, तर ऑल हा पर्याय चुकीची दुरुस्ती करून झालेला बिघाड झाकून टाकू शकतो, असा इशारा क्यूएमूच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे.

पुन्हा घडू नये म्हणून स्क्रिप्टमधील दुरुस्ती

लिबव्हर्ट ६.० पासून बॅकअप-बिगिन ही आज्ञा उपलब्ध आहे. तिच्यात मशीन ओव्हरलेवर जातच नाही. मूळ डिस्कवर लेखन चालू असताना क्यूएमू जुने ब्लॉक बाजूला नेऊन सुरुवातीच्या क्षणाची सुसंगत प्रत तयार करते. नवी व्यवस्था उभारणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण अर्धवट राहिलेली साखळी ही शक्यताच त्यात उरत नाही.

जुनी पद्धत चालू ठेवणे भाग असेल तर स्क्रिप्टने सुरुवातीलाच साखळीची खोली मोजावी आणि ती एकापेक्षा जास्त आढळली तर नवा स्नॅपशॉट न घेता थांबून इशारा द्यावा. ब्लॉककमिटनंतर परतीचा कोड तर पाहावाच, शिवाय डॉमबीएलकेलिस्टची दोन्ही उत्तरे मूळ फाइलवर आली आहेत याची खात्री करावी. ओव्हरले पुसण्यापूर्वी तो कोणत्याही प्रक्रियेने उघडलेला नाही हे तपासावे आणि तरीही तो लगेच न पुसता पुढच्या यशस्वी बॅकअपपर्यंत बाजूला ठेवावा. स्नॅपशॉट काढून टाकताना मेटाडेटा हा पर्याय दिल्यास लिबव्हर्टकडील नोंद तेवढी जाते आणि ओव्हरले जसाच्या तसा वापरात राहतो. लिबव्हर्ट ९.० च्या आधी बाह्य स्नॅपशॉट थेट पुसण्याची सोय नसल्यामुळे अनेक जुन्या स्क्रिप्टमध्ये हा पर्याय आजही सापडतो, आणि स्नॅपशॉटची यादी रिकामी दिसूनही मशीन तिसऱ्या-चौथ्या थरावर चालत असल्याचे आढळते. म्हणून स्नॅपशॉटच्या यादीऐवजी डिस्कच्या पत्त्यांवर विसंबावे, आणि हा लेख वाचल्यावर आपल्या प्रत्येक होस्टवर ती दोन उत्तरे एकदा ताडून पाहावीत.